विठाबाई नारायणगावकर : तमाशाची फिरती आणि तिची परिभाषा

‘तमाशा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि फारसीत तो अरबीतून आला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या मुळाशी असलेला अरबी धातू मात्र चालण्याचा वाचक आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘मिळून चालणे, हिंडणे’, त्यावरून ‘मौजेखातर फेरफटका करणे’, त्यावरून ‘अशा फेरफटक्यात जे दृष्टीस पडावयाचे ते’, म्हणजे ‘देखावा’, अशी या शब्दाच्या अर्थाची वाटचाल झाली. मराठीत पोहोचेपर्यंत त्यातील चालणे लोपले आणि देखावा तेवढा उरला. व्युत्पत्तीवरून कोणत्याही कलेचे स्वरूप ठरवू नये, हे खरेच. तथापि महाराष्ट्रात ज्या कलेस हे नाव मिळाले, तिचा सारा संसार चालण्यावरच उभा राहिला, हा योगायोग ध्यानी ठेवण्याजोगा आहे. फरक इतकाच, की येथे हिंडणारा तो प्रेक्षक नव्हे, कलावंत होय.

प्रस्तुत लेखात विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या जीवनाचा विचार या फिरतीच्या अंगाने करावयाचा आहे. विठाबाईंविषयी बोलताना बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, चालू खेळातून आत जाऊन त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. दुसरी, इतक्या मोठ्या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. पहिली गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, दुसरी हळहळीने. या दोहोंच्या मध्ये जो व्यवसाय उभा आहे, त्याची रीत मात्र कोणी उलगडून सांगत नाही. आणि ती रीत समजल्यावाचून या दोन्ही गोष्टी केवळ आख्यायिका होऊन बसतात. तमाशाच्या व्यवसायात रूढ असलेले शब्द ही रीत स्वच्छ सांगतात. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात पडण्याचे प्रयोजन एवढेच.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला; विठोबाच्या गावी जन्मलेली म्हणून मुलीचे नाव विठा ठेवण्यात आले. घराणे नारायणगावचे. पुणे-नाशिक रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरांवर असलेले जुन्नर तालुक्यातील हे गाव आज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे : जवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीसाठी शास्त्रज्ञांत, आणि ‘तमाशापंढरी’ म्हणून उर्वरित महाराष्ट्रात. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि त्यांचे पुत्र भाऊ व बापू या बंधुद्वयाने तो नावारूपास आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव स्वातंत्र्यपूर्व काळात तमाशाच्या रसिकांस चांगले परिचित होते. अशा घरातील मुलीस गाणे व नाच शिकावयास कोठे जावे लागले नाही. ढोलकीचा ठेका, गवळणीची चाल, वगातील सवालजबाब हे सारे तिच्या कानी अक्षरओळखीच्या आधी पडले होते. शाळेशी संबंध मात्र फारसा आला नाही. बालवयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. (‘बोर्ड’ हा तमाशातील रंगमंचाचा रूढ शब्द होय, ‘रंगमंच’ हा शब्द तेथे पाहुण्यासारखा आहे.)

पुढे त्यांनी स्वतःचा फड चालविला तेव्हा तो ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने ओळखला गेला. या नावाचे थोडे विवरण करणे इष्ट आहे. त्यात चार पदे आहेत : स्वतःचे नाव, पित्याचे नाव, जात आणि गाव. कुलनाम असलेले ‘खुडे’ त्यात नाही. तमाशाच्या जगात कुलनामाची जागा गावाच्या नावाने घेतली, हे आपण सर्वत्र पाहतो. सातारकर, वाईकर, इंदुरीकर, कवठेकर, अवसरीकर ही सारी नावे त्याच घडणीची आहेत. ‘-कर’ हा प्रत्यय अन्यत्र वंशाचा निदर्शक झाला असला, तरी येथे तो अद्याप पत्त्याचे काम करतो. जत्रेसाठी फड ठरवावयास निघालेल्या गावकऱ्यास कोणत्या गावी जावयाचे ते नावातच कळले पाहिजे. आणि ‘मांग’ हे पद? जातीचा असा उघड उच्चार आजच्या वाचकास खटकेल. परंतु ज्या समाजात मांग म्हणून जन्मलेल्या माणसास गावकुसाबाहेर राहावे लागत होते, त्याच समाजाच्या जत्रेच्या पत्रकावर हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला जाई. त्यात अभिमान किती व बाजाराची सोय किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. दोन्ही होते असे मानणेच योग्य.

विठाबाईंची कला कोणत्या प्रकारची, हेही स्पष्ट केले पाहिजे. कारण शहरी वाचक ‘तमाशा’ आणि ‘लावणी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. तमाशाचे दोन प्रकार आहेत. संगीत बारीत काही थोड्या स्त्रिया व साजिंदे असतात. गायन, नृत्य व अदाकारी हाच तेथील मुख्य भाग होय. तिचे स्थान बहुधा स्थिर असते : पुण्यातील आर्यभूषण थिएटर किंवा दौंड तालुक्यातील चौफुला ही नावे या संदर्भात प्रसिद्ध आहेत. ढोलकी फडाचा तमाशा याहून वेगळा. त्यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि अखेरीस वग अशी रात्रभराची मांडणी असते. गवळणीतील मावशी, सोंगाड्या, सुरत्ये, झीलकरी असा मोठा परिवार असतो. आणि हा सारा परिवार गावोगाव हिंडत असतो. विठाबाई या ढोलकी फडाच्या कलावती. गाणे, नाच आणि वगातील अभिनय ही तिन्ही कामे एकाच रात्री, एकाच शरीराने करावयाची, असा त्यांचा व्यवसाय होता.

उघड्या मैदानावर गाणाऱ्या कंठाचा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ध्वनिक्षेपक सर्वत्र पोहोचण्यापूर्वी तमाशाचा आवाज केवळ फुप्फुसांच्या बळावर हजारोंच्या समुदायापर्यंत जावयास हवा असे. अंतर वाढले की उच्चारातील व्यंजने प्रथम हरवतात. क, प, स यांसारखे अघोष वर्ण तर थोड्याच अंतरावर पुसले जातात. टिकतात ते स्वर, आणि त्यांतही विवृत स्वर. तमाशातील गायनाची पट्टी चढी का, ओळीच्या अखेरीचा स्वर इतका लांबविलेला का, आणि मुख्य गायिकेची ओळ संपते न संपते तोच झीलकऱ्यांनी ती वरच्या स्वरात का उचलावयाची, याचे उत्तर येथे सापडते. गायिकेस श्वास घ्यावयास जो क्षण हवा असतो, तो झीलकरी भरून काढतात. प्रेक्षकास आवाज तुटल्याचे कळत नाही. ‘पिरीत’, ‘किसन’, ‘दरसन’ अशा रूपांत जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घातलेला असतो. ही रूपे तमाशाने निर्माण केली असे नव्हे, ती लोकभाषेत फार जुनी आहेत. परंतु तमाशाने ती हट्टाने जपली, यास उच्चारसोयीइतकेच श्रवणसोयीचेही कारण आहे. ‘प्रीत’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, ‘पिरीत’ पोहोचते. शिष्ट समीक्षकांनी या रूपांना अडाणीपणाचे लक्षण मानले, ते मैदानाच्या शेवटच्या रांगेत बसून कधी ऐकले नसल्यामुळे.

आता फिरतीकडे वळू. फडाचे वर्ष दसऱ्यास सुरू होते आणि बुद्धपौर्णिमेस संपते. म्हणजे सुमारे सात महिने. या सात महिन्यांचे दोन भाग पडतात. पहिल्यात फड स्वतःच्या जोखमीवर फिरतो : बाजारच्या गावी कनात ठोकावयाची, तिकीट लावावयाचे, आणि रात्री गल्ल्यात काय पडते ते पाहावयाचे. पाऊस अवकाळी आला, पिके बुडाली किंवा शेजारच्या गावी दुसरा फड उतरला, की त्या रात्रीचा खर्च अंगावर पडतो. शंभरांहून अधिक माणसे असलेल्या मोठ्या फडास हा खर्च थोडाथोडका नसतो. माणसे जेवावयास घालावी लागतात, पूर्वी बैलगाड्या आणि पुढे मालमोटारी चालू ठेवाव्या लागतात. दुसरा भाग चैत्र-वैशाखातील जत्रांचा. तेथे तिकीट नसते. गाव वर्गणी काढून ठराविक रक्कम देते, आणि खेळ सर्वांस खुला असतो. ही रक्कम ठरविणे म्हणजे सुपारी देणे. करार पक्का झाल्याची खूण म्हणून विडा-सुपारी देण्याच्या प्रघातावरून हा शब्द आला. वर्तमानपत्रांनी अलीकडे त्यास खुनाच्या कराराचा अर्थ चिकटविला, त्यामुळे तमाशाच्या राहुटीत ‘सुपारी किती?’ हा प्रश्न ऐकून नवखा विद्यार्थी दचकतो.

सुपारी घेण्यासाठी गुढीपाडव्यापूर्वी नारायणगावात रस्त्याच्या कडेस फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत व्यवस्थापक व वही. गावोगावचे यात्रा-समितीचे लोक येतात, तारीख मोकळी आहे का विचारतात, घासाघीस करतात. अमेरिकेत ग्रामीण वळणाची गाणी गाणाऱ्या फिरत्या गायकांना १९२५ पासून नॅशव्हिल येथील ग्रँड ओल ओप्री या रेडिओ-कार्यक्रमाने जाहिरातीचे साधन दिले. शनिवारी रेडिओवर गावे आणि उरलेला आठवडा गावोगाव हिंडावे, अशी तेथील रीत पडली. आमच्याकडे ते काम नारायणगावच्या राहुट्यांनी केले. दोहोंतील भेद मात्र मोठा आहे, आणि तो पुढे येईलच.

पुणे जिल्ह्यातील जत्रांची पत्रके ज्याने वाचली असतील त्यास छबिना, हजेऱ्या, कुस्त्यांचा आखाडा आणि लोकनाट्य तमाशा हा क्रम पाठ असेल. यांपैकी ‘हजेऱ्या’ हा शब्द लक्षणीय आहे. रात्रीचा खेळ संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फडाने पुन्हा बोर्डावर यावयाचे आणि ग्रामदैवतापुढे आपली हजेरी लावावयाची, असा हा प्रघात. एकाच सुपारीत रात्र आणि सकाळ दोन्ही मोजल्या जातात. त्यानंतर सामान बांधून दुपारच्या उन्हात पुढील गाव गाठावयाचे, कारण तेथे रात्री खेळ ठरलेला असतो. हंगाम ऐन भरात असता ही रहाटी आठवडेच्या आठवडे अखंड चालते. हे टिपण ज्या खराडीत लिहिले जात आहे, ते मुळामुठेच्या काठचे, पुणे-नगर रस्त्यास लागून असलेले गाव पूर्वी अशाच जत्रांच्या पट्ट्यात मोडत होते. हवेली, शिरूर, खेड, जुन्नर या तालुक्यांतील गावे ग्रामदैवताच्या उत्सवात तमाशा नसेल तर यात्रा झाली असे मानीत नसत. खराडी आज महानगरपालिकेत आहे, आणि ज्या माळावर कनात लागू शकली असती तेथे संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणी जत्रा राहते, पालखी राहते, रात्रभराचा वग तेवढा राहत नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणला. ज्या नाट्यप्रकाराचा मुख्य भाग मध्यरात्रीनंतरच सुरू व्हावयाचा, त्याच्या दृष्टीने हा घाव वर्मी लागणारा होता.

फिरतीच्या परिभाषेतील दोन शब्दांचा विचार जरा विस्ताराने करू. पहिला ‘फड’. हा शब्द मराठीत तमाशाचा आहे, कुस्त्यांचा आहे, वारकऱ्यांचा आहे आणि उसाचाही आहे. दुसरा ‘उचल’. हंगामाच्या आरंभी फडमालक कलावंतास जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडास बांधलेला असतो. ऊसतोडणीच्या मजुराने मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम हीदेखील उचलच. हे दोन शब्द या दोन व्यवसायांत समान असावेत, हा योगायोग नव्हे. दोहोंचा हंगाम दसरा-दिवाळीस सुरू होतो व उन्हाळ्यात संपतो. दोहोंत माणसे कुटुंबकबिल्यासह घर सोडतात. दोहोंत मुले पालात वाढतात व शाळेत गैरहजर राहतात. दोहोंत पावसाळ्याचे चार महिने मागील हंगामाच्या कमाईवर किंवा पुढील हंगामाच्या उचलीवर काढावे लागतात. आपण तमाशास कला म्हणतो आणि ऊसतोडणीस मजुरी. भाषेने हा भेद केलेला नाही; भाषा दोहोंस एकाच वहीत मांडते.

आणि फडमालक? तो या साखळीचा वरचा दुवा खरा, पण शेवटचा नव्हे. कलावंतांस द्यावयाची उचल तो स्वतः सावकाराकडून व्याजाने आणतो. हंगाम चांगला गेला तर व्याज फिटते. एक हंगाम बुडाला तर पुढील तीन हंगाम ते फेडण्यात जातात. विठाबाई एकाच वेळी फडाच्या मालकीण होत्या आणि ज्या नावावर सुपारी मिळे त्या कलावतीही होत्या. मालक म्हणून त्यांना देणे होते, आणि ते देणे फेडण्याचे साधन म्हणजे कलावंत म्हणून त्यांचे स्वतःचे शरीर, एवढेच होते.

हे ध्यानी घेतले म्हणजे प्रसूतीची कथा निराळ्या प्रकाशात दिसू लागते. ती अशी सांगितली जाते : दिवस भरलेले असता विठाबाई खेळ करीत होत्या, मध्येच कळा येऊ लागल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन नाचू लागल्या, प्रेक्षकांच्या ध्यानी जेव्हा हे आले तेव्हा त्यांनी हात जोडून खेळ थांबविण्याची विनंती केली. ही कथा सांगणारे येथे थांबतात, आणि कलेवरील निष्ठा हा तिचा अर्थ म्हणून देतात. निष्ठा होती, याविषयी वाद नाही. परंतु प्रश्न असा विचारावयास हवा, की दिवस भरलेली स्त्री मुळात बोर्डावर का होती? तिच्या नावावर गर्दी जमलेली, आणि ती न दिसल्यास त्या रात्रीचे उत्पन्न जावयाचे व शंभर माणसांच्या भाकरीचा प्रश्न उभा राहावयाचा. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियाही फडात बाळंत होतात व थोड्याच दिवसांत कोयता हाती घेतात. त्यांच्याविषयी आपण कौतुकाची कथा रचीत नाही, कारण तेथे कारण उघड दिसते. विठाबाईंच्या बाबतीत घुंगरांच्या आवाजाने ते झाकले गेले आहे. माझ्या मते या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण पात्र म्हणजे तो प्रेक्षक. खेळ नको, बाई, तुम्ही विसावा घ्या, असे म्हणण्याचा अधिकार त्या रात्री फक्त त्याच्याकडे होता, आणि त्याने तो वापरला.

शासनाशी या कलेचा संबंध कसा येत गेला, हेही थोडक्यात पाहू. विठाबाईंचे कोवळे वय संपते न संपते तोच, स्वातंत्र्यानंतर लगेच, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या विनवण्यांनंतर ती उठली, आणि दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. पुढे वगाची लेखी संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. या अटीचा भाषिक परिणाम मोलाचा आहे. बतावणी हा तत्काळ सुचणाऱ्या संवादाचा प्रकार. त्या गावचा पाटील, त्या वर्षीचा दुष्काळ, समोर बसलेला फौजदार यांवर सोंगाड्याने तेथल्या तेथे जोडलेला विनोद हाच तिचा प्राण. तो आधी लिहून दाखवावयाचा कसा? परिणामी कागदावर एक आणि बोर्डावर दुसरे, अशी द्विधा अवस्था निर्माण झाली. आणि जे कागदावर राहिले तेच पुढे ग्रंथालयांत पोहोचले. आज आपणांपैकी कोणी तमाशाच्या भाषेचा अभ्यास छापील वगांवरून करीत असेल, तर तो तपासणीसाठी धुऊन काढलेल्या भाषेचा अभ्यास करीत आहे, हे त्याने विसरू नये.

त्याच शासनव्यवस्थेने पुढे गौरवही केला. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये विठाबाईंना राष्ट्रपतींकडून पदक मिळाले. चीनच्या १९६२ च्या आक्रमणाच्या काळात त्यांनी सीमेवरील जवानांपुढे तमाशा सादर केला. नारायणगावच्या फडाची ही सर्वांत दूरची फिरती म्हणावयास हरकत नाही. याच सुमारास शहरी रंगभूमीने व चित्रपटाने तमाशाचा स्वीकार केला. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’, १९६५ मधील ‘विच्छा माझी पुरी करा’, १९७२ चा ‘पिंजरा’ यांनी तमाशाची रचना, त्याची भाषा आणि त्याची नायिका ही तिन्ही पांढरपेशा प्रेक्षकास मान्य करून दिली. मूळ फडास त्याचा आर्थिक लाभ किती झाला, हे सांगावयास नकोच.

येथे मघाचा भेद सांगणे प्राप्त आहे. फिरत्या गायकास म्हातारपणी तारून नेते ती मुद्रित झालेली कला. अमेरिकेतील गायक थकला तरी त्याच्या तबकड्या विकल्या जातात व त्यांचे मानधन येत राहते. मराठीत याचे उदाहरण म्हणून विठाबाईंहून दोनच वर्षांनी वडील असलेल्या सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांच्याकडे पाहता येईल. त्यांनी चित्रपटांसाठी आणि ध्वनिमुद्रिकांसाठी लावणी गायिली. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभे राहून, ध्वनिक्षेपकासमोर. त्यांचा स्वर घरोघरी पोहोचला, ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हा अधिकार त्यांच्या गायनाचा होता आणि तो यथार्थच होता. परंतु विठाबाईंची कला मुद्रिकेत मावणारी नव्हती. नाच, मुद्रा, सवालास तत्काळ दिलेला जबाब, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून फिरविलेली ओळ, हे सारे त्या रात्रीपुरते होते, आणि त्याचे मोलही त्या रात्रीपुरतेच मिळे. रात्र संपली की पैसा संपला. पुढील गाव गाठल्यावाचून पुढील भाकरी नाही. वयोमानाने शरीर थकले तेव्हा उत्पन्नाचे साधन एकाएकी नाहीसे झाले, आणि उचलीची वही मात्र उघडीच राहिली.

विठाबाईंचे १५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले. रुग्णालयाचा खर्चही मदत म्हणून जमविलेल्या पैशांतून भागवावा लागला. त्यानंतर २००६ पासून महाराष्ट्र शासनाने ज्येष्ठ तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावे वार्षिक पुरस्कार सुरू केला. पहिला मान कांताबाई सातारकर यांना मिळाला, आणि पुढे विठाबाईंच्या कन्या व स्वतः नामवंत फडमालकीण असलेल्या मंगला बनसोडे यांनाही तो लाभला. पुरस्काराचे संपूर्ण नाव ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार’ असे आहे. फडाच्या नावातील ‘भाऊ’ आणि ‘मांग’ ही दोन पदे येथे नाहीत, आणि त्यांच्या जागी ‘सम्राज्ञी’, ‘जीवनगौरव’ हे संस्कृत शब्द आले आहेत. विठाबाईंच्या व्यवसायातील देण्याघेण्याचे शब्द पाहा : उचल, सुपारी, बिदागी, दौलतजादा. काही देशी, काही अरबी-फारसीतून आलेले. संस्कृतास तेथे जवळजवळ थारा नाही. जिवंतपणी त्यांच्याशी व्यवहार ज्या भाषेत झाला ती भाषा एक, आणि गौरव ज्या भाषेत झाला ती दुसरी. सम्राज्ञीस उचल घ्यावी लागते, हे वाक्य दोन्ही भाषांच्या व्याकरणात बसत नाही, पण तमाशाच्या इतिहासात ते अक्षरशः खरे आहे.

फड अद्याप आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा अनेक फड कर्जात रुतले. तरी राहुट्या पुन्हा लागल्या. वाद्यवृंदात ढोलकी-तुणतुण्याशेजारी विजेवर चालणारी वाद्ये आली, वगाची जागा आक्रसली आणि चित्रपटगीतांची वाढली. फलकांवर ‘सह’ हे अव्यय मात्र टिकून आहे. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ या प्रसिद्ध नावात पुत्राच्या नावास मातेचे नाव त्या अव्ययाने जोडलेले आहे. कागदोपत्री वारसाहक्क नोंदविण्याची सवय नसलेल्या या व्यवसायात फडाची वंशावळ या एका अक्षरयुग्मात साठविलेली असते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यास एक व्यावहारिक सूचना करतो. प्रकाशित वगांपासून आरंभ करू नये. जत्रांची जुनी पत्रके आणि सुपारीच्या वह्या आधी पाहाव्यात. त्यांत गावे, तारखा, रकमा आणि कलावंतांची नावे मिळतात, आणि फिरतीचा नकाशा त्यांवरूनच आखता येतो. बतावणीचे मुद्रण एकाच गावी करून भागत नाही. तीच बतावणी किमान तीन तालुक्यांत टिपली म्हणजे सोंगाड्या बोली कशी बदलतो ते दिसते. गाठीभेटींसाठी गुढीपाडव्यापूर्वीचे पंधरा दिवस उत्तम : तेव्हा व्यवस्थापक नारायणगावच्या राहुट्यांत बसलेले असतात व गिऱ्हाईक नसेल तर सवडीने बोलतात. हंगाम सुरू झाल्यावर त्यांना भेटावयाचे तर हजेऱ्या आटोपल्यानंतर आणि मालमोटार सुटण्यापूर्वी तासभर हाती लागतो, तेवढाच.